बाखचं ऑर्गन-संगीत पियानोवर: बेस टिकवायचा कसा?

कोमलधैवत

ऑर्गनसाठी लिहिलेलं बरोक संगीत पियानोवर वाजवताना येणाऱ्या अडचणींसाठी हा धागा काढतेय. सध्या पियानोवर तीन रचना आहेत: पियानोवादक बुसोनीने पियानोसाठी बसवलेल्या बाखच्या दहा कोराल प्रिल्यूड्समधली (कोराल म्हणजे चर्चमधलं स्तोत्रगीत) 'इश रुफ त्सू दिर' (बाखच्या रचनांच्या सूचीत, म्हणजे बीडब्ल्यूव्हीत, क्रमांक ६३९; एफ मायनर) आणि 'नुन कोम, देर हाइडन हाइलांट' (६५९, जी मायनर), शिवाय लिस्टने पियानोसाठी केलेलं बाखचं ए मायनर प्रिल्यूड आणि फ्यूग (५४३; फ्यूगमध्ये एकच सुरावट, म्हणजे विषय, प्रत्येक आवाज पाळीपाळीने उचलतो). सराव अपराइटवर (उभ्या पियानोवर) होतो, कार्यक्रम ग्रँडवर (आडव्या, मोठ्या पियानोवर) आहे.

अडतंय ते असं. ६३९ मध्ये मधल्या सेमिक्वेव्हर्स (पाव मात्रेचे सूर) वरच्या चालीला झाकून टाकतात. ६५९ मध्ये बेस, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, सतत क्वेव्हर्सने (अर्ध्या मात्रेच्या सुरांनी) चालतो. प्रत्येक सुरावर सस्टेन पेडल (सूर टिकवणारं उजवं पेडल) बदललं तर सगळं तुटक वाटतं, नाही बदललं तर गढूळ होतं. आणि ५४३ च्या प्रिल्यूडमध्ये जो लांब 'ए' धरायचा आहे तो दोन-तीन बारांत (तालाच्या खंडांत) विरून जातो. बेसला खालचं ऑक्टेव्ह (तोच सूर एक सप्तक खाली) कधी जोडायचं, हेही कुणी नीट सांगावं.

सोळाफुटी

ऑक्टेव्हपासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय त्यावर बसतात.

ऑर्गनवर आठ फुटी स्टॉप (नळ्यांचा एक संच) लावला की लिहिलेला सूर तसाच वाजतो. सोळा फुटी लावला की तो एक सप्तक खाली वाजतो, चार फुटी लावला की एक सप्तक वर. पेडलबोर्डवर (पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर) बहुतेक वेळा सोळा आणि आठ फुटी एकत्र असतात. म्हणजे कागदावर बेसची एक नोट दिसते, पण कानावर ऑक्टेव्ह पडतं. पियानोवर ती नोट एकटी वाजवली तर तुम्ही बाखच्या बेसमधला अर्धा भाग गाळताय. म्हणून लिस्ट आणि बुसोनी बेस ऑक्टेव्हमध्ये लिहितात तेव्हा ती भर नव्हे, ऑर्गनवर जे ऐकू येतं त्याची नोंद आहे. जागेची अडचणही नाही: पेडलबोर्डचा सर्वांत खालचा सी सोळा फुटीवर जिथे वाजतो, त्याच्याखाली पियानोला अजून तीन पट्ट्या उरतात.

तरी सगळीकडे ऑक्टेव्ह नको. ६३९ ही तीन आवाजांची रचना: वर कोरालची चाल, मध्ये सेमिक्वेव्हर्स, खाली क्वेव्हर्सचा बेस. ऑर्गनवर दोन मॅन्युअल (हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या रांगा) आणि पेडलबोर्ड मिळून तीन स्वतंत्र रंग मिळतात. पियानोवर डाव्या हाताला बेससोबत मधला आवाजही बराचसा सांभाळायचा आहे. तिथे प्रत्येक क्वेव्हरला ऑक्टेव्ह दिलं तर मधली ओळ बोटांतून सुटते, मग ती पेडलवर ढकलावी लागते आणि गढूळपणा तिथूनच सुरू होतो. पहिल्या भागाला पुनरावृत्ती आहे. पहिल्यांदा बेस एकेरी ठेवा, दुसऱ्यांदा फक्त ओळीच्या शेवटाला, जिथे हात मोकळा मिळतो तिथे, खालचा सूर जोडा. रंग बदलल्यासारखं ऐकू येतं आणि हातावरही ताण येत नाही.

एक गोष्ट अपराइटबद्दल. ११०-११५ सेंमी उंचीच्या अपराइटच्या सर्वांत खालच्या सप्तकातल्या तारा आखूड आणि जाड असतात, त्यांचा सूर स्पष्ट कळत नाही, नुसती घरघर येते. त्यामुळे अशा वाद्यावर बेस ऑक्टेव्ह वाजवताना वजन अंगठ्याकडे, म्हणजे वरच्या सुराकडे ठेवा; करंगळीने फक्त सावली द्या. मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडवर याच्या उलट: करंगळी पुढे, अंगठा हलका. घरचा समतोल हॉलमध्ये तसाच नेला तर बेस पोकळ ऐकू येतो.

तिसरंबोट

६३९ चं आधी बघू. चाल झाकली जाते त्याचं कारण बहुतेक वेळा मधला आवाज जोरात आहे हे नसतं. चालीचा सूर लांब आहे आणि तो विरतोय, हे असतं. क्रॉचेट (एका मात्रेचा सूर) वाजला की त्याच क्षणापासून तो उतरायला लागतो, आणि त्याच्याखाली दर क्रॉचेटला चार ताजे सूर येतात. ताजा सूर जुन्यापेक्षा नेहमीच ठळक वाटतो. म्हणून मधल्या चार सेमिक्वेव्हर्सपैकी पहिला, जो चालीसोबतच पडतो, तो सर्वांत हलका हवा. बहुतेकजण नेमका तोच जोरात वाजवतात, कारण ठोक्यावर हात आपोआप पडतो. दुसरा, तिसरा, चौथा समान, पण चालीच्या विरत्या सुराच्या वर न जाणारे.

सरावाची पद्धत: चाल पूर्ण आवाजात आणि लेगाटो (सूर जोडून) वाजवायची, मधला आवाज त्याच बोटांनी पण पट्टीला फक्त स्पर्श करत, हातोडी न उठवता. मग तोच मधला आवाज अगदी हलक्या स्टॅकाटोत (तुटक). मग दोन्ही जोडून. संथ गतीत करा. घाईने केलं तर बोटं पुन्हा एकसारख्या वजनावर येतात.

चाल बोटांनीच जोडली गेली पाहिजे, पेडलने नव्हे. उजव्या हातात वरची ओळ ३-४-५ मध्येच फिरते (अंगठा १, करंगळी ५ अशी मोजणी), कारण अंगठा आणि तर्जनी मधल्या आवाजाला लागतात. तेव्हा ५ वरून ४ वर जाताना ४ करंगळीच्या वरून ओलांडायचं, आणि लांब सुरावर पट्टी न सोडता बोट बदलायचं: ५ ने धरलेला सूर ४ ने ताब्यात घ्या, ५ पुढच्यासाठी मोकळं. ऑर्गनवाले हे रोज करतात कारण त्यांच्याकडे सस्टेन पेडल नसतंच. फिंगरिंग (कोणत्या सुराला कोणतं बोट ते) पेन्सिलने स्वरलिपीवर लिहूनच ठेवा. एका बारात एक बोट चुकलं की पुढच्या दोन बारांत लेगाटो गेलं.

मॅन्युअलदोन

अजून एक जोडतो. ६३९ च्या बेसमध्ये जागोजागी तोच सूर लागोपाठ दोनदा येतो. ग्रँडवर पट्टी अर्धी वर आली तरी हातोडी पुन्हा उडते; पियानो बनवणाऱ्या एरारने १८२१ मध्ये पेटंट घेतलेली दुहेरी यंत्रणा अजून त्याच कामाला आहे. अपराइटमध्ये ती नसते, पट्टी जवळजवळ पूर्ण वर येऊ द्यावी लागते. त्यामुळे घरी शिकलेला बेस ग्रँडवर गरजेपेक्षा तुटक वाटतो. कार्यक्रमाच्या वाद्यावर हा बेस एकदा पट्टीच्या तळाजवळ राहून वाजवून बघा.

सोळाफुटी

आता ६५९ चा चालता बेस. इथे 'पेडल बदलू की नको' हा प्रश्न चुकीच्या जागी आहे, कारण बेस जोडायचं काम पेडलचं नाहीच. ऑर्गनवर हा बेस पायांनी वाजतो आणि दोन क्वेव्हर्समध्ये बारीक फट राहते. तीच चाल पियानोवर ठेवा: डाव्या हाताचे क्वेव्हर्स पूर्ण लांबीचे पण न चिकटवलेले. मग सस्टेन पेडल फक्त दोन कामांना उरतं: वरच्या नक्षीदार चालीला थोडी हवा देणं, आणि मधल्या दोन आवाजांत हात पोहोचत नाही तिथे सूर टिकवणं.

पेडलची खोली महत्त्वाची. पाय दाबायला लागल्यावर पहिले काही मिलिमीटर काहीच होत नाही, मग डॅम्पर (तारांचा आवाज थांबवणारे नमदे) तारांवरून जेमतेम उचलले जातात, मग पूर्ण. ६५९ साठी मधली जागा हवी, जिथे डॅम्पर तारेला हलके टेकलेले असतात. बेसचे जाड तार वाजत राहतात, वरचे सूर लवकर साफ होतात. ही जागा प्रत्येक पियानोवर वेगळी, म्हणून हॉलमध्ये गेल्यावर आधी पाच मिनिटं फक्त तीच शोधा. डिजिटल पियानोला साधं चालू-बंद पेडल असेल तर ही अर्धी जागा मिळतच नाही. सतत मोजणारं पेडल लागतं.

कोमलधैवत

६५९ मधल्या बेसला ऑक्टेव्ह?

सोळाफुटी

ओळींच्या मधल्या जागांत, जिथे चाल थांबलेली असते आणि खालचे तीन आवाजच बोलतात, तिथे एकेरी. चाल आली की ऑक्टेव्ह, पण हात पुरत असेल तरच. शेवटच्या ओळीनंतर बेस जी वर थांबतो आणि वर चाल विसावते. तो जी ऑक्टेव्हमध्ये हवाच. पहिली आणि चौथी ओळ कोरालमध्ये एकच आहे, बाखने नक्षी मात्र वेगळी केलीय. चौथ्या ओळीला भरदार बेस दिला की ऐकणाऱ्याला ओळ परत आल्याचं कळतं.

खर्जातला

५४३ चा 'ए'. प्रिल्यूडच्या सुरुवातीला एकटी सेमिक्वेव्हर्सची ओळ आहे, मग पेडलबोर्डचा लांब ए येतो आणि त्याच्यावर तीच ओळ पुन्हा फुलते. तंबोऱ्याचा षड्ज जसा गाण्याखाली सतत असतो, तसा हा ए आहे. तो गेला की वरचे सगळे विसंवादी सूर निराधार होतात. पियानोवर तीन मार्ग आहेत.

पहिला, मधलं पेडल, म्हणजे सोस्टेनुटो. १८४४ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ते पहिल्यांदा दिसलं आणि १८७४ मध्ये पियानो बनवणाऱ्या स्टाइनवेने पेटंट घेतलं. ते दाबण्याच्या क्षणी जे डॅम्पर वर असतील तेवढेच धरून ठेवतं. क्रम असा:

उजवा पाय पूर्ण वर. ए ऑक्टेव्ह वाजवा आणि बोटांनी धरून ठेवा. डाव्या पायाने मधलं पेडल तळापर्यंत दाबा. आता बोटं सोडा. ए वाजत राहील. यानंतर उजव्या पेडलने वरची ओळ हवी तशी साफ करा.

घोळ इथे होतो: मधलं पेडल दाबताना उजवं आधीच खाली असेल तर वाद्यातले सगळेच डॅम्पर अडकतात, आणि मग उजवं कितीही बदललं तरी काहीच साफ होत नाही. दुसरा घोळ, मधलं पेडल अर्धवट दाबणं. धरलेला डॅम्पर निसटतो आणि ए मध्येच कापला जातो.

दुसरा मार्ग, मधलं पेडल नसेल तर. अपराइटवरचं मधलं पेडल बहुधा सरावाचं असतं: ते तारांपुढे नमद्याची पट्टी आणून आवाज दबकवतं, सूर धरत नाही. अशा वेळी ए ऑक्टेव्ह उजव्या पेडलसह वाजवा, मग त्याच पट्ट्या आवाज न करता पुन्हा दाबून धरा, मग पेडल बदला. बेस राहतो, बाकीचं साफ होतं. यासाठी डावा हात थोडा वेळ मोकळा हवा. या जागी वरची ओळ एका हाताची असल्याने तो मिळतो.

तिसरा मार्ग, पुन्हा वाजवणं. पहिल्या दोन मार्गांनीही ए कधीतरी विरतोच. पुन्हा कधी वाजवायचा? जोरदार बारावर नव्हे, तर जिथे वरची ओळ एखाद्या विसंवादी सुरावर येऊन पोहोचते त्याच्या किंचित आधी. आणि वरच्या ओळीपेक्षा हलका. नवा ए आला हे कळता कामा नये, तो गेला नव्हता एवढंच वाटलं पाहिजे.

तिसरंबोट

खर्जातला यांच्याशी एका गोष्टीवर असहमत. विसंवादाच्या आधी वाजवलेला ए ठळक झाला की त्या विसंवादाची धार जाते. मी तो विसंवाद सुटल्यावर, मोकळ्या सुरासोबत वाजवायला सांगेन.

खर्जातला

छोट्या खोलीत तुमचं बरोबर, ताजा ए तिथे फार जवळून ऐकू येतो. मोठ्या हॉलमध्ये विसंवादाखाली बेस पोकळ असेल तर तो विसंवाद चुकलेल्या सुरासारखा वाटतो. दोन्ही करून मागच्या खुर्चीवरून कुणाला तरी ऐकायला सांगावं.

मॅन्युअलदोन

आवाजाच्या चढ-उताराबद्दल बोलायला हवं. बाखच्या ऑर्गनवर एका मॅन्युअलवर वाजवत असताना आवाज हळूहळू वाढवता येत नव्हता. लिस्टने ५४३ मध्ये जवळजवळ काहीच खुणा लिहिल्या नाहीत, तर बुसोनी पानोपानी लिहितो. माझं मत: फ्यूगमध्ये लांब चढ घेऊ नयेत. आवाज पायऱ्यांनी बदलावा, आणि पायरी तिथेच जिथे आवाजांची संख्या बदलते. बेस गप्प बसला की एक पायरी खाली, बेसने विषय उचलला की वर.

सोळाफुटी

मोठ्या प्रमाणावर मान्य. ओळीच्या आत मात्र नाही. ऑर्गनचा सूर शेवटपर्यंत तेवढाच भरलेला असतो, पियानोचा उतरतो. सहा-सात सुरांची ओळ सगळे सूर समान जोराने वाजवली तर ती सपाट नाही, टोचरी ऐकू येते, कारण प्रत्येक नवा सूर आधीच्याच्या शेपटीपेक्षा ठळक असतो. लांब सुरानंतरचा सूर त्या शेपटीच्या पातळीवर सुरू करायचा आणि मग ओळ पुन्हा वर न्यायची. ही किंचित वाढ कानाला समान भासते.

मॅन्युअलदोन

हो, त्या अर्थाने सहमत.

तिसरंबोट

५४३ च्या फ्यूगमधल्या हातांच्या वाटणीबद्दल थोडं. सहा-आठच्या तालात लांबलचक विषय, चार आवाज, आणि बेस आला की डावा हात ऑक्टेव्हमध्ये अडकतो. मग वरचे तिन्ही आवाज उजव्या हातावर. पांढरी पट्टी सुमारे २३.५ मिमी रुंद, म्हणजे दहाव्या सुरापर्यंतचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत २१ सेंमीच्या आसपास. हात तेवढा उघडत नसेल तर लिस्टची वाटणी जशीच्या तशी पाळू नका. मूळ ऑर्गनची तीन ओळींची स्वरलिपी शेजारी ठेवा आणि बघा मधला आवाज कुठे डाव्या अंगठ्याने घेता येतो. तो सूर घेताना ऑक्टेव्हचा वरचा सूर सोडला तरी चालतो. खालचा सोडू नका.

ऑक्टेव्हमध्ये काळ्या पट्टीवर चौथं बोट, पांढरीवर पाचवं. मनगट खाली बसलं की वेगात हात आखडतो. ते पट्टीच्या पातळीच्या किंचित वर ठेवा.

कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) हाताबाहेर असेल तेव्हा वरून खाली विस्कटू नका. बेस ठोक्याच्या आधी, चालीचा सूर नेमका ठोक्यावर. पेडल बेससोबत खाली गेलं पाहिजे. बहुतेकजण सवयीने ते ठोक्यावर बदलतात, आणि नुकताच वाजलेला बेस त्यातच पुसला जातो. या संगीतात 'बेस गायब' अशी तक्रार येते तिथे दहापैकी बहुतेक जागी हेच कारण सापडतं.

फ्यूगची गती: बिंदूवाला क्रॉचेट (दीडपट लांबीचा) मिनिटाला ५४ ते ६०. चर्चमध्ये काही सेकंदांची घुमणूक असते म्हणून ऑर्गनवर संथ गती भरलेली वाटते. पडदे-गालिच्यांच्या कोरड्या हॉलमध्ये तीच रेंगाळते. उलट, मोठ्या दगडी चर्चमधल्या पियानोवर आणखी संथ घ्या.

खर्जातला

सरावासाठी: चार आवाजांच्या सहा जोड्या होतात. रोज दोन जोड्या, उरलेले आवाज न वाजवता. वरचा-बेस ही जोडी सगळ्यांना येते; मधल्या दोघांची जोडी कुणालाच येत नाही, म्हणून तिथून सुरुवात करा. घरी पेटी असेल तर कोरालची चाल दुसऱ्या कुणाला पेटीवर धरायला सांगा आणि बाकीचे आवाज पियानोवर वाजवा. पेटीचा सूर विरत नाही, त्यामुळे आपल्या मधल्या आवाजाने किती जागा घ्यायची ते कानाला कळतं. पेटी पियानोच्या पट्टीशी जुळलेली आहे ना, ते आधी तपासा.

मोहरपेडल

मुंबई-गोव्याकडच्या पियानोंसाठी एक सूचना. पावसाळ्यात हवा दमट झाली की नमदे फुगतात, पट्ट्या अडकतात, डॅम्पर तारेवर नीट बसत नाहीत. मग पेडल कितीही शिस्तीत बदललं तरी धूसरपणा राहतो आणि दोष पायाला दिला जातो. तपासणी सोपी: पेडल न दाबता खालची दोन सप्तकं एकेक सूर तुटक वाजवत जा. सूर सोडल्यावरही मागे आवाज राहिला तर तो डॅम्पर दुरुस्तीचा आहे, ट्यूनरला त्या पट्टीचा नंबर सांगा. सर्वांत वरच्या दीड-दोन सप्तकांना डॅम्परच नसतात, तिथे आवाज राहणारच.

मधल्या पेडलचीही अशीच तपासणी करा: एक सूर धरा, मधलं पेडल दाबा, बोट सोडा, मग इतर दहा-बारा सूर तुटक वाजवा. धरलेला सूर कापला गेला किंवा शेजारचे सूरही टिकले, तर आतली पट्टी जुळवायला हवी. हे कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, निदान आठवडाभर आधी, कारण जुळवणीला ट्यूनरला वेळ लागतो.

कोमलधैवत

खूप उपयोगी. दोन प्रश्न उरले. बुसोनीऐवजी पियानोवादक केम्पफची पियानो-आवृत्ती घ्यावी का? आणि स्वरलिपी कुठे मिळतील?

सोळाफुटी

केम्पफने ६३९ आणि ६५९ दोन्ही केल्यात. तो जास्त पारदर्शक, बुसोनी जास्त ऑर्गनसारखा. छोट्या वाद्यावर केम्पफ बरा बसतो. लिस्ट १८८६ मध्ये आणि बुसोनी १९२४ मध्ये गेले, त्यामुळे भारतात दोघेही स्वामित्वहक्कातून मुक्त. आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मिळतील, बाखची मूळ ऑर्गन-आवृत्तीही तिथेच. केम्पफ १९९१ मध्ये गेला, त्याची प्रत विकतच घ्यावी लागेल. दोन्हीपैकी काहीही निवडा, पण आधी मूळ तीन ओळी वाचा आणि पेडलबोर्डच्या ओळीवर रंगीत पेन्सिल फिरवून ती ट्रान्स्क्रिप्शनमध्ये (पियानोसाठी केलेल्या आवृत्तीत) कुठे गेली ते शोधा.

तिसरंबोट

६५९ च्या ट्रिल्सबद्दल (दोन शेजारचे सूर झपाट्याने आलटून-पालटून वाजवणं) कुणी विचारलं नाही, पण तिथे खूप अडतं. ट्रिल वरच्या सुरापासून, ठोक्यावर, आणि शेवटी मुख्य सुरावर थांबून. करंगळी-अनामिकेने जमत नसेल तर मधल्या आवाजातला एक सूर डाव्या हाताला द्या आणि ट्रिल ३-४ ने वाजवा. ट्रिल चालू असताना बेसचे क्वेव्हर्स गती सोडतात. म्हणून आधी ट्रिलशिवाय, नुसत्या मुख्य सुराने ओळ पाठ करा, मग ट्रिल बसवा.

कोमलधैवत

बेसच्या ओळीला पेन्सिल फिरवली. ६५९ मध्ये डाव्या अंगठ्याकडे द्यायचे मधल्या आवाजाचे तीन सूर सापडले, त्यातला एक ट्रिलखालीच आहे. उद्या बार क्रमांकांसकट इथे लिहिते, फिंगरिंग तपासून द्या.